कॉमस्टॉकची शीर आणि आपला रुपया

व्हिक्टोरिया राणीचा छाप असलेला चांदीचा रुपया अजूनही बऱ्याच घरांत देव्हाऱ्याजवळच्या डबीत सापडतो. लक्ष्मीपूजनाला तो बाहेर येतो, हळदकुंकू लागतं आणि पुन्हा डबीत जातो. जुनी माणसं त्याला ‘कलदार’ म्हणत. वजन बरोबर एक तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, एक भाग हीण.

१८७१-७२ साली या रुपयाचे लंडनमध्ये सुमारे २३ पेन्स होत. १८९२-९३मध्ये तेच १५ पेन्सच्या किंचित खाली आले. वीस वर्षांत रुपयातली चांदी गुंजभरही कमी झालेली नव्हती. वजन तेच, कस तोच, राणीही तीच. तरी त्याची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त किंमत कुठे गेली?

त्या काळच्या वर्तमानपत्रांत आणि सरकारी चौकश्यांत या प्रश्नाचं एक उत्तर पुन्हापुन्हा येत असे: अमेरिकेत नेवाडा नावाच्या प्रांतात चांदीची अफाट खाण लागली आहे, चांदी उदंड झाली, म्हणून स्वस्त झाली. उत्तर सोपं होतं आणि ऐकणाऱ्याला पटणारंही होतं. ते कितपत खरं होतं, हे कळण्यासाठी आधी त्या खाणीत उतरावं लागतं.

निळा चिखल

कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या मध्ये सिएरा नेवाडाची उंच रांग आहे. तिच्या पूर्वेला पावसाच्या छायेतला उजाड, डोंगराळ मुलूख. तिथल्या वॉशो लोकांवरून या भागालाही वॉशो म्हणत. १८४९-५०च्या सुमाराला कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे निघालेल्या काही लोकांना वाटेत एका ओढ्याच्या वाळूत सोन्याचे कण दिसले. त्या दरीला गोल्ड कॅन्यन हे नाव पडलं आणि पुढची आठ-नऊ वर्षं शे-दोनशे माणसं तिथे वाळू धूत राहिली. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन त्यातून सोनं काढणारे झारेकरी असत. या लोकांचं काम त्याच जातीचं होतं. लाकडी पाळण्यात वाळू आणि पाणी घालून हलवायचं, हलकं वाहून जातं, जड खाली राहतं.

पण इथलं सोनं फिकट होतं आणि त्याला कॅलिफोर्नियाच्या सोन्यापेक्षा भाव कमी मिळे. त्यात चांदी मिसळलेली होती. ओढ्याच्या वरच्या अंगाला जावं तसं सोनं अधिकच फिकट होत जाई. या खुणेचा अर्थ लावण्याचा प्रयत्न फार थोड्यांनी केला. पेनसिल्व्हेनियाच्या एका धर्मोपदेशकाचे मुलगे अ‍ॅलन आणि होशे ग्रॉश हे त्यांतले. डोंगरात चांदीची शीर आहे असं त्यांनी वडिलांना पत्रांतून कळवलं होतं. १८५७च्या उन्हाळ्याअखेरीस होशेच्या पायावर कुदळ बसली आणि ती जखम चिघळून तो गेला. त्याच हिवाळ्यात सिएरा ओलांडताना अ‍ॅलन बर्फात सापडला आणि हिमदंशाने मेला.

१८५९च्या जूनमध्ये पीटर ओरायली आणि पॅट्रिक मॅक्लॉक्लिन या दोन आयरिश माणसांना डोंगराच्या उतारावर खणताना चांगलं सोनं लागलं. हेन्री कॉमस्टॉक नावाचा एक बोलघेवडा गृहस्थ तिथे आला आणि ही जमीन व हे पाणी माझंच आहे असा दावा सांगून भागीदार होऊन बसला. ओरायली आणि मॅक्लॉक्लिन यांची नावं मागे पडली, शिरेला नाव लागलं कॉमस्टॉकचं.

या तिघांची एकच तक्रार होती. सोन्याबरोबर एक जड, निळसर काळा चिखल येई आणि पाळण्यात अडकून बसे. तो ते शिव्या देत बाजूला फेकत. त्यातला थोडा कुणीतरी कॅलिफोर्नियात कस लावण्यासाठी नेला, तेव्हा टनामागे हजारो डॉलरची धातू निघाली आणि तिच्यात किमतीने सोन्यापेक्षा चांदी जास्त होती. निळा चिखल म्हणजे चांदी आणि गंधक यांचं संयुग होतं. बातमी फुटली आणि कॅलिफोर्नियातून खेचरांच्या वाटेने माणसांची रीघ लागली.

कॉमस्टॉकने आपला हिस्सा काही हजार डॉलरना विकला आणि १८७०मध्ये माँटानात पिस्तुलाने आत्महत्या केली. ओरायली वेड्यांच्या इस्पितळात वारला. स्वस्तात हिस्सा घेणाऱ्यांपैकी एक होता जॉर्ज हर्स्ट. त्याच्या मुलाने, विल्यम रँडॉल्फ हर्स्टने, पुढे वर्तमानपत्रांचं साम्राज्य उभं केलं.

डोंगराच्या पोटात

ही चांदी तिथे आली कशी? सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी हा सगळा भाग ज्वालामुखींचा होता. आपल्या दख्खनचा काळा बेसॉल्ट त्याहून कितीतरी जुना. तो भेगांमधून पुरासारखा पसरला. इथल्या ज्वालामुखींतून मुख्यतः अँडेसाइट बाहेर पडला. त्याच काळात इथलं कवच पूर्व-पश्चिम ताणलं जात होतं. ताणाने खडक फाटले, त्यातला एक मोठा प्रस्तरभंग आजच्या माउंट डेव्हिडसनच्या पूर्व पायथ्याने उत्तर-दक्षिण गेला. त्याच्या पूर्वेकडची बाजू तिरकी खाली घसरली. घसरताना खडकाचा चुरा झाला, अधूनमधून पोकळ्या राहिल्या.

खाली शिलारस तापलेला होता. जमिनीत मुरलेलं पाणी त्याच्या उष्णतेने तापून या भेगांतून वर चढू लागलं. खोलवर दाब प्रचंड असतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या कितीतरी वर जाऊनही उकळत नाही. प्रेशर कुकरमध्ये होतं तेच. असं पाणी वाटेतल्या खडकांतून सोनं-चांदीचा अंश गंधकाच्या सोबतीने विरघळवून घेतं. वर येताना दाब कमी होतो आणि एका ठरावीक पातळीला ते एकदम उकळतं. गंधकयुक्त वायू निघून जातो आणि धातू विरघळलेल्या राहू शकत नाहीत. त्या गारगोटीसोबत भेगेच्या भिंतींवर साचतात. दख्खनच्या दगडातल्या पोकळ्यांत अकीक आणि झिओलाइटचे स्फटिक कसे तयार होतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना पोकळी भरून काढणारं पाणी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

कॉमस्टॉकपासून थोड्याच अंतरावर स्टीमबोट स्प्रिंग्ज नावाचे गरम पाण्याचे झरे आहेत. तिथे हीच क्रिया लहान प्रमाणात आजही चालू आहे. पाण्याबरोबर सिलिका येते आणि तिच्यात पारा व सोन्या-चांदीचे सूक्ष्म अंश सापडतात.

या भूगर्भकथेतल्या दोन गोष्टी पुढे महत्त्वाच्या ठरतात. पहिली म्हणजे धातू शिरेत सगळीकडे सारखी नव्हती. मैलोन्‌मैल गारगोटी आणि माती, आणि मध्येच एखाद्या पोकळीत घबाड. स्पॅनिश बोलणाऱ्या खाणकामगारांकडून आलेले दोन शब्द तिथे रोजच्या वापरात होते: ‘बोनान्झा’ म्हणजे समुद्रावरची निवळलेली, अनुकूल हवा आणि ‘बोरास्का’ म्हणजे वादळ. धातू लागली की बोनान्झा, कोरडा खडक लागला की बोरास्का.

दुसरी गोष्ट खोलीची. पाणी ज्या पट्ट्यात उकळतं त्याच पट्ट्यात धातू साचते. असा पट्टा काही शे मीटरचा असतो. त्याच्या फार खाली गेलं की भेग असते, गारगोटी असते, पण धातू विरळ होत जाते. सगळ्याच शिरा अशा नसतात. कोलारचं सोनं अब्जावधी वर्षं जुन्या खडकांत फार खोलवर घडलेलं, म्हणून तिथे माणसं तीन किलोमीटरहून खाली गेली तरी शीर सापडत राहिली. कॉमस्टॉकची शीर उथळ जातीची होती. पण १८६०च्या दशकात हा फरक कुणालाच ठाऊक नव्हता. फर्डिनांड फॉन रिष्टहोफेन या मोठ्या जर्मन भूशास्त्रज्ञाने १८६५च्या सुमारास ही शीर तपासली आणि ती खोलवर चालू राहील असा निर्वाळा दिला. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे तो वाजवीच होता. पण त्याच्या भरवशावर पुढे खूप पैसा जमिनीत गेला.

एक शीर की अनेक?

खडकाचा प्रश्न लवकरच कोर्टात गेला. वॉशोत खाणमालकी फुटांवर मोजत. शिरेच्या लांबीचे अमुक फूट तुमचे, आणि तेवढ्या लांबीत ती शीर जमिनीखाली तिरकी कुठेही गेली तरी तिच्यामागे जाण्याचा हक्क तुमचा. मग शेजारी दुसऱ्याने खणलेली गारगोटी ही स्वतंत्र शीर की तुमच्याच शिरेची फांदी? भर म्हणजे ही शीर जमिनीजवळ पश्चिमेकडे झुकलेली दिसे आणि खाली जाऊन पूर्वेकडे वळे. दोन्ही बाजूंना साक्षीदार मिळत होते आणि विकतही मिळत होते.

१८६०च्या दशकाच्या पहिल्या अर्धात खटल्यांचा पूर आला. विल्यम स्ट्युअर्टसारख्या वकिलांनी जितकं कमावलं तितकं बऱ्याच खाणवाल्यांना मिळालं नाही. शेवटी ‘सगळी मिळून एकच शीर’ हा पक्ष जिंकला. शास्त्रीयदृष्ट्याही तो बराचसा बरोबर होता. मोठ्या कंपन्या उरल्या, छोटे दावेदार बुडाले. दगडाची किंमत कायद्याच्या शब्दावर कशी अवलंबून असते, याचा हा पहिला धडा.

पोळं, पारा आणि पाणी

काही ठिकाणी धातूचा साठा इतका रुंद होता की नेहमीचे लाकडी टेकू लावून छत धरेना. माती ओली, फुगणारी. छत कोसळून माणसं मरत. १८६०च्या अखेरीस फिलिप डाइडेशाइमर या जर्मनीत शिकलेल्या इंजिनियरने उपाय काढला: जाड ओंडक्यांच्या चौकटी करून त्यांचे पोकळ ठोकळे एकाला एक जोडत जायचे, वर, खाली, आडवे, हवे तितके. मधमाशीच्या पोळ्यासारखा हा सांगाडा जितकं खणाल तितका वाढत जाई. ही पद्धत पुढे जगभर गेली. पण तिला लाकूड लागे. टाहो सरोवराभोवतालची आणि सिएराची जंगलं तोडून, पाण्याच्या लाकडी पन्हळींतून वाहून आणून, या डोंगराच्या पोटात उतरवली गेली.

जळणासाठी जवळच्या टेकड्यांवरची पिन्यन जातीची चीडही गेली. तिच्या बिया हे वॉशो आणि पाय्यूट लोकांचं हिवाळ्याचं अन्न होतं. १८६०च्या वसंतातच पिरॅमिड लेकजवळ गोरे आणि पाय्यूट यांच्यात लढाया झाल्या होत्या. चांदी सापडल्यापासून एका वर्षाच्या आत तिथल्या मूळ रहिवाशांच्या हातून जमीन आणि अन्न दोन्ही निसटू लागलं.

धातू वेगळी करण्यासाठी ‘वॉशो पद्धत’ निघाली. दगड दणक्याने चालणाऱ्या लोखंडी मुसळांखाली कुटायचा, त्याचं पीठ पाणी घालून लोखंडी कढयांत घ्यायचं, मीठ आणि मोरचूद टाकायचं, वाफेने तापवायचं आणि पारा ओतून घुसळायचं. सोनं-चांदी पाऱ्यात शिरते, लोण्यासारखा गोळा मिळतो, तो तापवला की पारा उडून धातू मागे राहते. उडालेला पारा थंड करून परत वापरत, तरी प्रत्येक घाण्यात थोडा पाण्याबरोबर वाहून जाई. हिशेब असा की सुमारे सात हजार टन पारा कार्सन नदीच्या खोऱ्यात गेला. १९९०मध्ये अमेरिकन सरकारने तो पट्टा अतिप्रदूषित जागांच्या राष्ट्रीय यादीत घातला. तिथल्या माशांत तो पारा आजही आहे.

आणि पाणी. खाली मातीचे घट्ट पडदे होते, त्यांच्यामागे गरम पाणी कोंडलेलं. कुदळ पडद्यातून आरपार गेली की पाण्याचा लोंढा येई. खोल पातळ्यांवर हे पाणी ७५ अंशांच्या वर असे. त्यात पडलेला माणूस भाजून मरे. कामगार कमरेपुरत्या कपड्यांत काम करत, काही मिनिटं खणून बर्फाजवळ जाऊन बसत. आयर्लंड आणि कॉर्नवॉलमधून आलेल्या या माणसांनी संघटना मजबूत ठेवली आणि जमिनीखालच्या कामाला दिवसाला चार डॉलर हा दर टिकवला. त्या काळच्या अमेरिकेत ही मोठी मजुरी होती. १८६९च्या एप्रिलमध्ये यलो जॅकेट खाणीत आग लागली. लाकडाच्या त्या पोळ्याने पेट घेतला आणि किमान ३५ माणसं धुरात गुदमरली.

वर डोंगरउतारावर व्हर्जिनिया सिटी वाढत होती. तिथल्या ‘टेरिटोरियल एंटरप्राइज’ या पत्रात सॅम्युएल क्लेमेन्स नावाचा तरुण बातमीदार होता. १८६३च्या फेब्रुवारीत त्याने एका मजकुराखाली पहिल्यांदा ‘मार्क ट्वेन’ अशी सही केली. चांदीच्या वेडाने भल्याभल्यांचं काय होतं हे त्याने जवळून पाहिलं, स्वतःवरही ओढवून घेतलं.

घबाड

१८७०च्या सुमारास शीर आटत चालली होती. बँक ऑफ कॅलिफोर्नियाने कर्जाच्या जोरावर बहुतेक खाणी आणि गिरण्या ताब्यात घेतल्या होत्या. अशा वेळी जॉन मकाय, जेम्स फेअर, जेम्स फ्लड आणि विल्यम ओब्रायन या चौघांनी, ज्यांना लोक कोरडं समजत होते अशा काही दाव्यांचे शेअर स्वस्तात घेतले. पहिले दोघे खाणीत घडलेले, दुसरे दोघे सॅन फ्रान्सिस्कोत दारूचं दुकान चालवणारे. १८७३मध्ये ‘कन्सॉलिडेटेड व्हर्जिनिया’ खाणीत हजार-बाराशे फुटांखाली त्यांना कॉमस्टॉकवरचं सगळ्यात मोठं घबाड लागलं. वरच्या बाजूला त्याचा मागमूस नव्हता. मुख्य प्रस्तरभंगाच्या वरच्या कातळात उभी फाटलेली एक भेग धातूने भरली होती आणि ती पृष्ठभागापर्यंत पोचलीच नव्हती.

मग अंदाजांचा बाजार सुरू झाला. लाकडी चौकटींचा शोध लावणाऱ्या डाइडेशाइमरने या साठ्याची किंमत दीडशे कोटी डॉलर सांगितली. शेअर सातशे डॉलरवर गेला. सॅन फ्रान्सिस्कोत नोकर, धोबी, शिक्षिका सगळे सट्टा खेळत होते. १८७५च्या जानेवारीत भाव कोसळले. खुद्द डाइडेशाइमर दिवाळखोर झाला.

प्रत्यक्षात या घबाडातून सुमारे साडेदहा कोटी डॉलरची धातू निघाली. रक्कम प्रचंडच, पण अंदाजाच्या चौदाव्या हिश्श्याएवढी. १८७७नंतर उत्पादन घसरत गेलं. कंपन्यांनी खाली, आणखी खाली जाण्याचा सपाटा लावला. अ‍ॅडॉल्फ सुट्रोने खाणींतलं पाणी आपोआप वाहून जावं म्हणून जवळजवळ चार मैल लांबीचा बोगदा १८६९मध्ये सुरू केला होता. तो १८७८मध्ये खाणीला मिळाला तेव्हा चांगला माल संपत आला होता. खाणी तीन हजार फुटांखाली गेल्या. तिथे भेग होती, उकळतं पाणी होतं, धातू नव्हती. १८८०च्या दशकाच्या मध्यात खोल पातळ्यांवरचे पंप थांबले आणि पाण्याने त्या भरून गेल्या.

एकूण हिशेब मांडला तर कॉमस्टॉकने सुमारे १९ कोटी औंस चांदी आणि ८० लाख औंसांहून जास्त सोनं दिलं. वजनात चांदी वीसपटीहून अधिक, पण त्या काळच्या भावाने मोजलं तर किमतीत सोन्याचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास. जगाने जिला चांदीची खाण म्हटलं ती जवळजवळ अर्धी सोन्याची होती.

लंडनमार्गे मुंबई

आता पुन्हा आपल्या रुपयाकडे येऊ.

१८७०पर्यंत जगात सोनं आणि चांदी या दोन्ही धातूंची नाणी चालत. फ्रान्स आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या टांकसाळी साडेपंधरा तोळे चांदी बरोबर एक तोळा सोनं या ठरावीक प्रमाणात दोन्ही धातू घेत. त्यामुळे जगभर भाव त्याच्या आसपास राही. हिंदुस्थानात चांदीचा रुपया होता आणि मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळी सर्वांना खुल्या होत्या. कुणीही चांदी न्यावी, थोडी घडणावळ द्यावी आणि रुपये घेऊन यावे.

फ्रान्सचा पराभव करून एक झालेल्या जर्मनीने १८७१ ते १८७३ या काळात सोन्याचं नाणं स्वीकारलं आणि आपली जुनी चांदी बाजारात विकायला काढली. १८७३च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या नव्या नाणेकायद्यातून चांदीचा जुना डॉलर गळला. पुढे फ्रान्स आणि त्याच्या सोबत्यांनी चांदीची नाणी पाडणं आधी कमी केलं आणि मग थांबवलं. एकामागून एक दारं चांदीला बंद होत होती आणि नेमक्या त्याच वर्षी नेवाडातून घबाडाची बातमी आली.

१८७६च्या जुलैत लंडनमध्ये चांदीचा औंस ४७ पेन्सच्याही खाली आला. काही वर्षांपूर्वी तो ६० होता. ब्रिटिश संसदेने गोशेन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीपुढे नेवाडाच्या उत्पादनाचे आकडे आले, फुगवलेल्या अंदाजांचं सावटही होतंच. पण समितीने खाणीवर सगळं खापर फोडलं नाही. जर्मनीची विक्री, युरोपच्या बंद टांकसाळी आणि आणखी एक कारण तिने नोंदवलं, ते थेट आपल्याशी संबंधित होतं: कौन्सिल बिलं.

हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये पौंडांत मोठी रक्कम द्यावी लागे. कर्जाचं व्याज, अधिकाऱ्यांची पेन्शनं, लष्कराचा खर्च, इंडिया ऑफिसचा खर्च. यालाच होम चार्जेस म्हणत. ते वसूल करण्यासाठी लंडनमध्ये रुपयांच्या हुंड्या विकल्या जात. ज्या व्यापाऱ्याला हिंदुस्थानात कापूस घ्यायचा, तो पूर्वी चांदी पाठवी, आता ही बिलं घेई. होम चार्जेस वाढले तशी बिलं वाढली, आणि हिंदुस्थानला जाणारी चांदी तेवढी लंडनच्या बाजारात पडून राहू लागली. म्हणजे आपल्याकडून वसूल होणारा पैसाच आपल्या नाण्याची किंमत उतरवायला हातभार लावत होता.

पुढे काय झालं ते पाहिलं की खाणीवरचा आरोप आणखी ढिला पडतो. १८८०नंतर कॉमस्टॉक जवळजवळ संपली. रुपया मात्र पडतच राहिला. अमेरिकेत आणि मेक्सिकोत नव्या खाणी लागल्या हे खरं, पण खाणी आधीही लागल्या होत्या. १८५०च्या दशकात कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियाच्या सोन्याचा महापूर आला, तेव्हा दोन धातूंचं प्रमाण फारसं हललं नव्हतं, कारण टांकसाळी दोन्ही धातू ठरल्या दराने घेत होत्या. हा मुद्दा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या आपल्या प्रबंधात आकड्यांनिशी मांडला आहे. १८७३पूर्वी दोन्ही धातूंचं उत्पादन कितीही वरखाली झालं तरी भाव स्थिर होता. तो बिघडला तो दोन्ही धातूंना बांधून ठेवणारे कायदे मोडले तेव्हा.

बिघडलेल्या भावाचा बोजा कुणावर पडला? १८९२-९३मध्ये लंडनला सुमारे १ कोटी ६५ लाख पौंड पाठवायचे होते. त्यासाठी साधारण साडेसव्वीस कोटी रुपये लागले. १८७३-७४च्या दराने तेच पावणेअठरा कोटींत भागलं असतं. ही तूट कुठून तरी भरून काढायची होती. १८८६मध्ये प्राप्तिकर परत आला. १८८८मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. ब्रह्मदेशाच्या युद्धाचा खर्च हेही त्यामागचं एक कारण होतं, पण हुंडणावळीतली तूट सरकारच्या प्रत्येक अंदाजपत्रकात डोकावत होती. व्हर्जिनिया सिटीचं नावही न ऐकलेल्या माणसाच्या भाकरीबरोबरच्या मिठापर्यंत हा हिशेब येऊन पोचला होता.

२६ जून १८९३ला सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. रुपये कमी पडले की दर चढेल हा विचार. तसं झालंही. १८९८च्या सुमारास रुपया १६ पेन्सवर आला आणि तिथे टिकवला गेला. पण आता रुपया आणि चांदी यांची फारकत झाली होती. रुपयात चांदी जेमतेम दहा पेन्सची, उरलेली किंमत सरकारच्या शब्दाची. चीनशी सूत-व्यापार करणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांना याचा फटका बसला, कारण चीनमध्ये चांदीच चालत होती. दादाभाई नौरोजींनी टांकसाळी बंद करण्याला विरोध केला.

मोठा घाव बसला तो घराघरांतल्या चांदीवर. वाळे, तोडे, कमरपट्टा, गोठ ही शेतकऱ्याच्या घरची बँक होती. १८७७च्या दुष्काळात लोकांचे दागिने वितळण्यासाठी मुंबईच्या टांकसाळीपर्यंत आले होते. तेव्हा तोळाभर चांदीला जवळजवळ रुपया मिळे. १८९३नंतर ते दार बंद. १८९६-९७ आणि १८९९-१९००च्या दुष्काळांत दागिने सोनाराकडे गेले तेव्हा शंभर रुपयांच्या वजनाच्या चांदीला साठ-पासष्ट रुपयांच्या आसपासचीच किंमत उरली होती. शेतसारा मात्र रुपयांतच द्यायचा होता.

योगायोग असा की १८९६च्या जानेवारीत मार्क ट्वेन मुंबईत आला. दिवाळखोरीतलं देणं फेडण्यासाठी तो जगभर व्याख्यानं देत फिरत होता. वॉटसन हॉटेलात उतरलेल्या या पांढऱ्या केसांच्या माणसाने तेहतीस वर्षांपूर्वी कॉमस्टॉकच्या शिरेवर बसून आपलं नाव कमावलं होतं. खिडकीखालच्या रस्त्यावर हातापायांत चांदी घातलेल्या बायका जात-येत असतील. त्यांच्या अंगावरच्या चांदीचा भाव कुठे, कसा आणि कुणी उतरवला, हे तेव्हा त्याला आणि त्यांना कुणीच सांगितलं नसेल.

व्हर्जिनिया सिटीत आज हजारभरही माणसं राहत नाहीत. लोक जुनी घरं आणि बोगदे पाहायला येतात. खाली तीन हजार फुटांपर्यंत लाकडाचं पोळं पाण्यात बुडालेलं आहे. खडकाने आपल्याकडे होतं तेवढं दिलं आणि तो संपला. त्याची चूक इतकीच की त्याच्याबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाला, शेअर विकणाऱ्याला काय किंवा रुपया का पडतोय हे समजावणाऱ्याला काय, तो अथांग असल्याचं मानणं सोयीचं होतं.

पुढच्या लक्ष्मीपूजनाला तो कलदार डबीतून बाहेर आला तर त्याच्यावरचं साल जरूर पाहावं. १८९३च्या आधीचं असेल, तर ते नाणं चांदी घेऊन टांकसाळीच्या दारात जाता येत होतं त्या काळातलं आहे. नंतरचं असेल, तर वजन आणि कस तोच असला तरी वस्तू वेगळी आहे.